रुजू होईपर्यंतचा रिकामा काळ

नवी नोकरी पक्की झाली असेल, तर रुजू होईपर्यंतचे रिकामे महिने केवळ विश्रांतीत घालवावेत, हे मत मला अर्धेच पटते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातील मारियनथाल येथे कापडगिरणी बंद पडल्यानंतर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेकार कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की, हाताशी भरपूर वेळ असूनही आणि वाचनालयाचे शुल्क माफ होऊनही लोक पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेऊ लागले, आणि पुरुषांची तर रस्त्याने चालण्याची गतीसुद्धा मंदावली. म्हणून उठण्याची ठरलेली वेळ मोडू नये आणि रोज घराबाहेरच्या कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलणे व्हावे. (एकट्याने राहणाऱ्यांनी तर हे आवर्जून जपावे.)

पैशांचा हिशेब मात्र रुजू होण्याच्या तारखेपाशी थांबवू नये. पगार महिनाअखेरीस होत असेल, तर पहिली रक्कम हाती येईपर्यंत आणखी काही आठवडे जातात, आणि मधेच रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली गेली, तर ओढाताण फारच वाढते. नेमणूक लेखी हाती पडेपर्यंत इतर मुलाखतींना नकार देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.