१०.४ लिटरच्या केसमध्ये रायझन ७७०० आणि आरटीएक्स ५०७०: कूलर, पीएसयू आणि रायझरबद्दल सल्ला हवा

चौकटबद्ध

नमस्कार मंडळी. मॉनिटरशेजारी टेबलावर मावेल असा छोटा पीसी जोडायचा आहे. काम म्हणजे ब्लेंडरचे रेंडर, व्हिडिओ एडिटिंग आणि १४४०पी वर गेम. केस पक्की आहे, फ्रॅक्टल टेरा. बाकी यादी अजून कागदावरच:

रायझन ७ ७७०० प्रोसेसर
बी८५० मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा) बोर्ड, ग्राफिक्स स्लॉट पीसीआयई ५.० (बोर्ड आणि कार्ड यांच्यातला जोड, पिढी ५.०)
आरटीएक्स ५०७० फाउंडर्स एडिशन ग्राफिक्स कार्ड (एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल)
३२ जीबी डीडीआर५-६०००, ४४ मिमी उंचीच्या आरजीबी स्टिक
२ टीबी एम.२ एसएसडी
७५० वॉटचा पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा), माप एसएफएक्स की त्याहून लांब एसएफएक्स-एल ते ठरलेलं नाही

अडलंय ते इथे. कूलर थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ घ्यावा की नॉक्टुआ एनएच-एल१२एस? दोन्ही मावतात असं दिसतं. पीएसयू कोणत्या मापाचा? आणि केससोबत येणारा रायझर (कार्ड बोर्डाला जोडणारी केबल) पीसीआयई ४.० चा, कार्ड ५.० चं, याने काही बिघडतं का?

मिलिमीटर

कूलर आणि कार्ड वेगवेगळे निवडू नका. टेरा सँडविच पद्धतीची केस आहे: मधल्या पाठकण्याच्या एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला कार्ड. हा कणा सरकवता येतो. एका टोकाला नेला तर कूलरला ७७ मिमी आणि कार्डाला ४३ मिमी, दुसऱ्या टोकाला नेला तर कूलरला ४८ आणि कार्डाला ७२. बेरीज कुठेही करा, १२० मिमीच येते. एकाला दिलेला प्रत्येक मिलिमीटर दुसऱ्याच्या वाट्यातून जातो.

आता तुमचं कार्ड पाहा. ५०७० फाउंडर्स २४२ मिमी लांब, ११२ मिमी उंच आणि दोन स्लॉट जाड, म्हणजे साधारण ४० मिमी. एका स्लॉटचं अंतर २०.३२ मिमी असतं, त्यावरून कुठल्याही कार्डाचा अंदाज काढता येतो. एल१२एस ची उंची ७० मिमी. ४० आणि ७० मिळून ११० झाले, १० मिमी उरले. ही जोडी आरामात बसते. याउलट अडीच-तीन स्लॉटचं, ५० ते ६० मिमी जाड कार्ड घेतलंत तर एल१२एस विसरा, मग एक्स४७ च.

उरलेले १० मिमी वाटायचे कसे, यातही मेख आहे. कार्डाचे पंखे बाजूच्या जाळीला अगदी चिकटले तर भोकांवरून हवा ओढताना घरघर येते. जाळीपासून फार लांब राहिले तर कार्डाने फेकलेली गरम हवा त्या फटीतून वळून पुन्हा पंख्यातच शिरते. ३ ते ६ मिमी फट ठेवा. कूलरच्या बाजूलाही हेच गणित. कणा पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो, त्यामुळे मनातलं माप नेमकं मिळेलच असं नाही. फट जास्त राहिली तर पंख्याच्या कडेने फोमची पट्टी लावून जाळीपर्यंतची जागा बंद करा, म्हणजे पंखा फक्त बाहेरची ताजी हवा घेईल.

रॅम मात्र बदलाच. एल१२एस मध्ये १२० मिमीचा पंखा हीटसिंकच्या पातळ पत्र्यांच्या खाली असतो आणि बोर्डाच्या रचनेनुसार तो रॅमवर येतो. ४४ मिमीच्या स्टिक त्याखाली जाणार नाहीत. ३१ ते ३३ मिमी उंचीच्या साध्या स्टिक घ्या, वेग तोच मिळतो.

आणखी एक गोष्ट बोर्ड घेण्याआधी तपासा. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिमीचा. एवढ्याशा जागेत उत्पादक एम.२ चा हीटसिंक मजल्यावर मजला चढवतात आणि व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा) हीटसिंकही उंच करतात. एल१२एस च्या हीटपाइप नेमक्या त्यावर आदळू शकतात. कूलर बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर बोर्डनिहाय सुसंगततेची यादी असते. त्यात बोर्डाचं पूर्ण मॉडेल शोधा, "आयटीएक्स आहे म्हणजे बसेल" यावर जाऊ नका.

तांब्याची तार

पीएसयू: एसएफएक्स घ्या. एसएफएक्स १२५ × ६३.५ × १०० मिमी, एसएफएक्स-एल ची खोली १३०. केसमध्ये दोन्ही बसतात, पण ते ३० मिमी म्हणजे तुमच्या वायरींना वळायची जागा. एसएफएक्स-एल चा फायदा मोठ्या पंख्याचा, म्हणजे आवाजाचा. इथे त्याची गरज नाही. हिशोब बघा: ७७०० ची टीडीपी (जाहीर उष्णता-आकडा) ६५ वॉट असली तरी सॉकेटला मिळणारी कमाल ८८ वॉट असते. कार्ड २५० वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. एकूण ३९० च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॉटचा पीएसयू सुचवते, कारण कार्ड क्षणभर मर्यादेबाहेर उडी मारतं. ७५० घेतलात तर निम्म्या भारावर चालेल आणि त्याचा पंखा बराच वेळ हळू किंवा बंदच राहील.

वायरींबद्दल जरा सविस्तर, कारण छोट्या केसमध्ये निम्मा त्रास त्यांचाच. पीएसयूसोबत आलेल्या साटा आणि जुन्या पेरिफेरल वायरी जोडूच नका. २४ पिनची वायर सगळ्यात ताठ असते. वेगळ्या मापाच्या वायरी करून घ्यायच्या असतील तर आधी जाडसर दोरी प्रत्यक्ष मार्गावरून फिरवून लांबी मोजा आणि त्यात १५ ते २० मिमी जास्तीचे धरा. आणि दुसऱ्या पीएसयूच्या मॉड्युलर वायरी कधीही लावू नका, कंपनी एकच असली तरी. पीएसयूकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी मॉडेलप्रमाणे बदलते, प्लग मात्र बिनबोभाट बसतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह तिथेच जळतो.

कार्डाच्या १६ पिनी प्लगकडे नीट लक्ष द्या. तो पूर्ण आत जायला हवा, प्लग आणि सॉकेट यांच्यात रेघभरही फट दिसता कामा नये. प्लगपासून पहिले ३५ मिमी वायर सरळ ठेवा, वळण त्यानंतर. बाजूचं पॅनेल लावताना ते वायरीला रेटत असेल तर आतल्या पिनांवर तिरका ताण येतो, संपर्क कमी होतो आणि तिथेच उष्णता साठते. कार्डासोबतच्या अडॅप्टरचा गुंता टाळून पीएसयूपासून थेट येणारी १६ पिनी वायर वापरा. पीएसयू घेताना ती डब्यात आहे का ते पाहा.

आता रायझर. बिघडतं, पण आधी माहीत असेल तर टाळता येतं. बोर्डाचा स्लॉट ५.० चा, कार्ड ५.० चं, म्हणून दोघं ५.० वर बोलायला जातात. मधली केबल मात्र ४.० साठी बनलेली. त्या वेगाला तिच्यातून सिग्नल शुद्ध पोचत नाही. मग कधी पडदा काळाच राहतो, कधी बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) दिसतं पण विंडोजमध्ये ड्रायव्हर सुरू होताच चित्र जातं, तर कधी सगळं चालतं आणि खेळताना मध्येच अडखळतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर, इव्हेंट १७ अशा हार्डवेअर त्रुटींच्या नोंदी साचत असतील तर संशय आधी रायझरवर घ्या.

उपाय: बायोसमध्ये ग्राफिक्स स्लॉटचा वेग 'ऑटो' वरून 'जेन ४' करा. ७७०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडून, कार्ड लावण्याआधीच हे करता येतं. ७५००एफ सारख्या प्रोसेसरला ही सोय नाही. ४.० च्या १६ लेनवर (डेटाच्या समांतर मार्गांवर) या कार्डाच्या कामगिरीत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

नंतर जीपीयू-झी या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तपासा. कार्ड निवांत असताना तिथे १.१ दिसेल. ते वीज वाचवण्यासाठी असतं, घाबरू नका. त्यातली रेंडर चाचणी सुरू केली की "एक्स१६ ४.०" दिसायला हवं. एक्स८ दिसलं तर रायझरचं एक टोक पूर्ण बसलेलं नाही. रायझर बोर्डात दाबताना मध्ये दाबू नका, दोन्ही टोकांना आळीपाळीने दाबा. केबलला धारदार घडीही नको, गोलाई राहू द्या.

शांतपंखा

मिलिमीटर यांच्या फटीच्या हिशोबाशी सहमत, पण एक्स४७ मोडीत काढायला नको. उद्या जाड कार्ड टाकायचा विचार असेल तर आजच एक्स४७ घेतलेला बरा, बोर्ड पुन्हा उचकटावा लागत नाही. तो ८८ वॉट सांभाळतो, फक्त आवाज करतो. त्याचा ९२ मिमीचा पंखा २७०० आरपीएमपर्यंत जातो, एल१२एस चा १२० मिमीचा पंखा १८५० च्या वर जात नाही. तासन्‌तास ब्लेंडर चालणार असेल तर मीही एल१२एस च म्हणेन.

कूलर कोणताही असो, बायोसमध्ये दोन गोष्टी करा. पीपीटी मर्यादा (सॉकेटला मिळणारी कमाल वीज) ८८ वरून ६५ ते ७० वॉट करा. रेंडरचा वेग थोडा कमी होतो, तापमान त्यापेक्षा बरंच जास्त उतरतं, कारण शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज भरमसाट चढवलेलं असतं. दुसरं, कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे १५ पासून सुरू करा. हे तपासताना फक्त पूर्ण भाराची चाचणी पुरत नाही. व्होल्टेज कमी पडण्याचे प्रसंग हलक्या भारावर येतात, एकच कोअर कमाल वेगाला पळतो तेव्हा. म्हणून एकेका कोअरवर फिरणारी चाचणी रात्रभर चालू ठेवा. मशीन निवांत असताना रिस्टार्ट झालं तर उणे १० वर या.

पंख्याचा वक्र (कोणत्या तापमानाला किती वेग): रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात १०-१५ अंश उडी मारतं. वक्र सरळ चढता ठेवला तर पंखा सतत वरखाली होतो आणि तो चढउतारच कानाला टोचतो. ७० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा, नंतर चढवा, आणि 'स्टेप अप' वेळ (वेग चढण्याआधीचा थांबा) ३-४ सेकंद द्या. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, रेंडरमध्ये ८० दिसले तर काळजीचं कारण नाही.

कार्डाची पॉवर मर्यादा ८० टक्क्यांवर आणून बघा. २५० चे २०० वॉट होतात, आणि १० लिटरच्या डब्यात ५० वॉट उष्णता कमी होणं म्हणजे मोठीच गोष्ट.

चौकटबद्ध

मनापासून आभार. रॅम ३३ मिमीची घेतो, कूलर एल१२एस, पीएसयू एसएफएक्स. आता जोडणीचा क्रम सांगाल का? बोर्डाच्या मागच्या बाजूलाही एक एम.२ स्लॉट आहे. एसएसडी पुढे लावू की मागे?

मिलिमीटर

एकच एसएसडी असेल तर पुढे, हीटसिंकखाली. मागचा स्लॉट बोर्ड आणि कणा यांच्यात दबलेला असतो, तिथे हवा फिरत नाही आणि पलीकडून कार्डाची धग येते. तिथे लावायचीच असेल तर एका बाजूलाच चिप असलेली घ्या, आणि बोर्ड केसमध्ये जाण्याआधी लावा. नंतर आठवलं तर सगळं उतरवावं लागतं. एम.२ चा स्क्रू एम२ मापाचा, हरवला तर कुठलाही जाड स्क्रू पिळून बसवू नका.

क्रम असा ठेवा. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कूलर लावा. एएम५ (७७०० चं सॉकेट) ची मागची प्लेट सॉकेटलाच पक्की असते, एएम४ सारखी हातात गळून येत नाही. प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि खाचांत बारीक कपॅसिटर. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट जास्त झाली तर तिथे भरते. वीजवाहक नसलेली पेस्ट अपाय करत नाही, पण साफ करताना जीव जातो. मधोमध वाटाण्याएवढी आणि चारही कोपऱ्यांकडे बारीक ठिपके पुरे. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

मग केसबाहेरच पीएसयू जोडून सुरू करा. डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःची जुळवणी करते, तेव्हा पडदा काही मिनिटं काळा राहतो. बटण दाबून बंद करू नका, थांबा. बायोस आलं की ते अद्ययावत करा, एक्सपो (रॅमला तिचा जाहीर वेग देणारी सेटिंग) चालू करा, स्लॉट जेन ४ करा. हे आत्ताच उरकलं की पुढे बिघाड निघाला तर तो जोडणीतच शोधायचा असतो.

केसमध्ये बोर्ड टेकवण्याआधी ८ पिनी सीपीयू वायर बोर्डाला लावून घ्या. कूलर चढल्यावर त्या कोपऱ्यात बोट शिरत नाही, आणि प्लगची खिटी आतल्या बाजूला आली तर काढणंही मुश्किल. पंख्याची वायर आणि पुढच्या यूएसबीच्या वायरी याच वेळी. टाइप-सी चं हेडर (वायर लावायची जागा) बोर्डावर आहे ना ते यादीतच बघून ठेवा, सगळ्या आयटीएक्स बोर्डांवर नसतं. १९ पिनी यूएसबी तिरकी घातली तर पिना वाकतात. मग बोर्डाचे चार स्क्रू, रायझर, २४ पिन, पीएसयू, आणि कार्ड सर्वांत शेवटी.

तांब्याची तार

वरच्या क्रमात एक बदल: २४ पिन बोर्डात लावा, पण पीएसयू स्क्रूने आवळण्याआधी वायरीचं दुसरं टोक आणि १६ पिनी वायर पीएसयूमध्ये खोचून घ्या. पीएसयू जागेवर बसला की त्याच्या सॉकेटसमोर हात वळवायला जागा राहत नाही. पीएसयूचे स्क्रू ६-३२ आट्यांचे असतात, बोर्डाचे अनेक केसमध्ये एम३. दोन्ही वेगळ्या वाट्यांत ठेवा, चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला तर आटे जातात. लांब दांड्याचा, चुंबकी टोकाचा पीएच२ स्क्रूड्रायव्हर हाताशी हवाच.

पॅनेल बंद करण्याआधी एकदा चालू करून टॉर्चने प्रत्येक पंख्यात पाहा, एखादी वायर पात्याला घासत नाही ना. पॅनेल लावल्यावर पंख्याचा आवाज बदलला किंवा टिकटिक आली, तर लगेच उघडा. बहुतेक वेळा १६ पिनी वायर कार्डाच्या पंख्याकडे सरकलेली असते.