हात प्लास्टरमध्ये, पोट्टं घरात, अन् बाहेर ४५ डिग्री

दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहून राह्यलो. पोरगा ९ वर्षांचा. आंब्यावरून पडला, उजवा हात मोडला. प्लास्टर ५ आठवडे. आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. मोबाईल दिला की जेवण विसरते, नाही दिला तर कूलरपुढं बसून किरकिर. करू काय?

उत्तर: दादा, चंगा-अष्टा! चिंचोके मधून फोडा, एक बाजू पांढरी निघते. चार पांढरे पडले तर ४, चारही काळे तर ८. डाव्या हातानं मस्त फेकता येते. माझ्या पोरीनं अख्खा मे मला हरवलं. (चिटिंग करायची, पण हात मोडलेल्या लेकराला बोलणार कोण.)

उत्तर: खेळाचं सोडा, आधी झाडूची काडी लपवा. खाजवते म्हणून प्लास्टरमध्ये घालतात अन् जखम करून घेतात. बोटं सुजली, निळी पडली, मुंग्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

प्रश्नकर्ता: काडी सापडली, उशीखाली होती! चिंचोके फोडले. अन् सकाळी उन्हाआधी आजीनं कुरड्यांच्या राखणीला बसवलं. कावळे एकही कुरडी नेत नाहीत आता. अर्धा चीक मात्र यानंच खाल्ला.