डायनामो चार्ज करतोय, तरी बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो – मदत हवी आहे

माजलगावकर
गाडी डिझेल, 2011 चं मॉडेल, 80 एएच बॅटरी, डायनामोच्या मागेच व्हॅक्यूम पंप. चावी फिरवली की बॅटरीचा दिवा नीट लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. पण रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की तोच दिवा अंधुक दिसतो. लोड वाढवला की उजेडही वाढतो. सकाळी सेल्फ जड घेतो, बॅटरी 12.2 व्होल्ट. बीडचे इलेक्ट्रिशियन म्हणतात डायनामोच बदला, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली. बेल्ट नवा आहे, ताण बरोबर आहे. मल्टिमीटर घरी आहे. पैसे घालायच्या आधी काय काय तपासू?

गोदाकाठ
दोघांचंही आत्ताच ऐकू नका, भाऊ. तुमच्यासारख्या जुन्या जोडणीत दिव्याच्या एका टोकाला चावीतून बॅटरी येते, दुसऱ्या टोकाला डायनामोची बारीक डी-प्लस वायर. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं झालं की दिवा विझतो. बेल्ट तुटला तर तो लख्ख लागतो. तुमचा मिणमिणतो, म्हणजे फरक आहे पण थोडा. आणि चावीवर दिवा लागतो त्याअर्थी कार्बन (घासून करंट देणारे ब्रश) आणि रोटर (आतला फिरणारा भाग) यांचा रस्ता सुरू आहे. उरले दोन संशयित: आतला डायोड (एसीचं डीसी करणारा), नाहीतर डायनामो ते बॅटरी ही जाड वायर.

इंजिन 1,500 ते 2,000 आरपीएमवर ठेवा, हाय बीम आणि ब्लोअर फुल. मीटरच्या वायरी पंख्यापासून लांब. मग:
– बॅटरीच्या दोन टोकांवर किती (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच टोक टेका);
– डायनामोच्या बी-प्लस बोल्टपासून (जाड वायर जिथे बसते तो) बॅटरीच्या प्लसपर्यंत किती. 0.3 च्या वर असेल तर वायर दोषी;
– डायनामोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. इथे 0.2 पर्यंत चालतं;
– शेवटी मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर. 0.5 च्या वर गेलं तर डायोड.

आणि चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनामो चालतो का’ बघायची पद्धत कुणी सुचवली तर नको म्हणा. लोड एकदम तुटला की व्होल्टेज उसळतं, त्यात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा) जातो.

माजलगावकर
बॅटरीवर 12.3. बी-प्लस ते बॅटरी प्लस 1.9. बॉडी ते मायनस 0.2. एसी 0.06.

गोदाकाठ
मग डायनामो ठणठणीत आहे. 12.3 + 1.9 + 0.2, म्हणजे तो 14.4 काढतोय. त्याचा रेग्युलेटर स्वतःच्या तोंडाशी मोजतो, त्यामुळे पुढे बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळतच नाही. 40 अँपिअर धरले तर त्या सांध्यात 75 वॉटच्या आसपास उष्णता निघतेय, चांगल्या सोल्डरिंग इस्त्रीइतकी. गाडी चालवून आल्या-आल्या बी-प्लसच्या थिंबलला (वायरीच्या टोकाची कडी) हात लावू नका.

जालना_वायरिंग
वर लिहिलंय ते बरोबर. नवीन वायर घेण्याआधी 1.9 नेमका कुठे पडतोय ते शोधा: लाल टोक बी-प्लस बोल्टवर स्थिर ठेवा, काळं टोक आधी थिंबलवर, मग वायरीच्या तांब्यावर, मग फ्युजिबल लिंकच्या (वायरीतला मोठा फ्यूज) अलीकडे, पलीकडे. जिथे आकडा उडी मारतो तिथे रोग. बहुतेकदा थिंबलच्या दाबात हिरवा गंज आणि काळी पडलेली तार निघते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी गाडी बंद करून बॅटरीचं मायनस काढा, बी-प्लस बोल्ट गाडी बंद असतानाही जिवंत असतो. चकाकणारं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा. पुरत नसेल तर 16 चौरस मिमीची नवी घ्या. थिंबल टिनचा मुलामा दिलेलं तांब्याचं, क्रिंपिंग पक्कडीनेच दाबा. नुसता सोल्डर भरू नका, तापला की पातळ होतो. व्हॅक्यूम पंपाच्या सीलमधून ऑइल झिरपतंय का तेही बघून घ्या, ते आत गेलं तर कार्बन चिकट होतात.

हे आकडे जुन्या गाड्यांचे. नव्या गाडीत मायनसवर सेन्सर असेल तर चालू गाडीत 12.8 दिसणंही नॉर्मल असू शकतं.

माजलगावकर
थिंबलवरच 1.6 उडी! आता बॅटरी ठेवू की बदलू?

गोदाकाठ
ठेवा. बाहेर काढून 8 अँपिअरवर 10–12 तास चार्ज करा, पाण्याची असेल तर त्याआधी प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला. उतरवून रात्रभर ठेवल्यावर 12.6 च्या जवळ राहिली आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली नाही, तर चांगली आहे.