जायकवाडीचे पाणी, ऊसतोड महिला आणि धोरणे ठरवण्यात संघटनांचा वाटा

गोदाकाठ (धागाकर्ता): समन्यायी पाणीवाटपाची (खोऱ्यातील टंचाई वरच्या आणि खालच्या धरणांनी सारखी वाटून घेण्याची) तरतूद 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात होतीच, पण मराठवाडा जनता विकास परिषदेसारख्या संघटनांनी न्यायालयीन पाठपुरावा केला नसता, तर ती कागदावरच राहिली असती. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, हे गोदावरी खोऱ्यातील पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचे सूत्र प्राधिकरणाने 2014 च्या आदेशात स्वीकारले आणि उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो आदेश कायम ठेवला. म्हणून धोरणाचा मसुदा होत असतानाच अशा संघटनांचे म्हणणे ऐकणे शासनावर बंधनकारक असावे, असे माझे मत आहे.

कोरडवाहू: असहमत. आमदाराला पाच वर्षांनी घरी बसवता येते. संघटनेच्या कार्यकारिणीला जाब कोण विचारणार? जायकवाडीचे पाणी लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्यांखालच्या जमिनीत जाते, बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या माळरानावर नाही. 'मराठवाड्याचा हक्क' म्हणून जे मांडले गेले, त्यात लाभक्षेत्रात ऊस किती असावा हा अवघड प्रश्न तेवढ्या जोराने कधी आला नाही.

माजलगावकर: निवडून आलेल्यांवर सगळे सोपवले, तर ज्यांच्या मताला वजन नाही त्यांचे काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न महिला संघटनांनी लावून धरला, तेव्हा 2019 मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. हंगामात सहा-सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या या बायकांचे गाऱ्हाणे तोवर कोणत्या सभागृहात पोहोचले होते?

कोरडवाहू: हे उदाहरण बिनतोड आहे, पण ते गाऱ्हाणे वेशीवर टांगण्याचे आहे, धोरण ठरवण्याचे नव्हे. शिवाय संघटनांची ताकद आपण फुगवून सांगतो. मराठवाड्यासारख्या भागांचा अनुशेष भरून काढण्यासाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली, मुदतवाढीची निवेदने गेली, (निवेदने देण्यात आपला हात कोण धरणार!) आणि मुदतवाढ मिळाली नाही.

गोदाकाठ: ती निवेदने ऐकण्याचे बंधन शासनावर नव्हते, म्हणूनच ती बाजूला पडली. उत्तरदायित्वाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे: बाजू मांडणाऱ्या संघटनेने आपले सभासद कोण, पैसा कुठला आणि आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी जाहीर करावे.

माजलगावकर: आणि सुनावणी मुंबईत नको, तालुक्याला व्हावी, तीही पावसाळ्यात, कारण दिवाळीनंतर ठेवली तर ज्यांच्याविषयी बोलायचे ते कारखान्यांच्या फडात असतील आणि त्यांच्या वतीने पुन्हा आपणच बोलू.