कूलंट भरताना हवा काढायला विसरू नका
गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणारं द्रव) बोअरचं पाणी घातलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. भावा, नको. मी करून बसलोय. जुन्या मारुती ८०० मध्ये दोन वर्षं घरच्या बोअरचंच पाणी ओतलं आणि गगनबावड्याच्या घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजात रेडिएटर उघडला, तर बंबाच्या तळाला साचतो तसला पांढरा क्षार! तेव्हापासून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं.

इंजिन पार गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. खालचा प्लग सोडून जुनं काढणं सोपंय, खरी मेख भरताना आहे. आत हवा अडकते. हीटर फुल्ल गरमवर ठेवायचा, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करायचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडला की वरचा होजपाइप एकदम तापतो, बुडबुडे येतात, पातळी खाली जाते. तेवढं भरत राहायचं. बुडबुडे थांबले की झाकण.

काढलेलं कूलंट मात्र गटारीत ओतू नका. चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्या.