एक उरकल्याशिवाय दुसऱ्या गोधडीला हात लावायचा नाही?

सुईदोरा:
परवा एकटाकीताईंनी लिहिलं होतं की, ज्यांच्या घरात चार-चार गोधड्या अर्धवट पडलेल्या असतात त्या आळशी, त्यांना शिवायची नाही तर कापड जमवायची हौस. एक उरकल्याशिवाय दुसरीला हात लावू नये, आपल्या आज्या असंच करायच्या. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

माझ्याकडे आत्ता पाच आहेत. भाचीच्या बाळाचं दुपटं, त्याचे काठ राहिलेत. एक मोठी डबलची, थर लावून कच्चे टाके घातलेत, पण तिच्यावर अर्ध्या तासाच्या वर बसले की मनगट भरून येतं. चौकोन जोडायचं काम पिशवीत असतं, ते लोकलमध्ये होतं. उरलेल्या दोन अस्तराच्या कापडासाठी अडल्यात. मोठी उरकेपर्यंत लोकलमध्ये हातावर हात ठेवून बसू का?

आणि आज्यांचं म्हणाल तर माझी आजी बार्शीची. उन्हाळ्यात शेतातली कामं संपली की ओसरीवर गोधडी अंथरायची. चार बाजूंना चार जणी. कडेने धावदोरा घालत घालत मध्याकडे सरकायच्या. एकावेळी एकच व्हायची, कारण आठ हात होते आणि ओसरी होती. मी एकटी, घर दोन खोल्यांचं. गोधडी पसरली की त्या दिवशी जेवायचं कुठे बसून हा प्रश्न असतो.

एकटाकी:
हात आठ का दोन, हा मुद्दाच नाही. माझी आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. आत तीन गोधड्या, तिन्ही अर्ध्या. थर लावलेले, कच्चे टाके घातलेले, मधोमध सुई टोचून ठेवलेली. सुई गंजून तिचा तांबूस डाग खालच्या थरापर्यंत उतरलेला. उंदरांनी एका कोपऱ्यात घर केलं होतं. आजीची नऊवारी लुगडी होती त्यात, घड्यांवर विरलेली. तिन्हीतली एकही कुणाच्या अंगावर पडली नाही. हे ज्याने पाहिलंय त्याला "लोकलमध्ये चौकोन जोडते" हे कौतुक सांगू नका.

वाकळवाली, सातारा:
नऊवारी निघाली म्हणून बोलते. खरं दुखणं वेगळंच आहे, सुती लुगडी राहिलीतच कुठे? हल्ली सर्रास सिंथेटिक साड्यांच्या गोधड्या शिवतात. त्या गोधड्याच नव्हेत. थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपत नाहीत, चुलीची ठिणगी पडली तर कापड वितळून अंगाला चिकटतं. अस्तरासाठी गोधडी अडते ती म्हणूनच. चांगलं सुती मिळेपर्यंत ठेवावीच लागते, त्याला आळस म्हणू नये.

माणदेशी:
वाकळवालीताई, हे पटलं नाही. माझ्या सासूबाईंनी हयातभर सिंथेटिक नेसली. रोजगारावर जायच्या, धुतली की तासाभरात वाळणारी साडी त्यांना परवडायची. त्यांची आठवण म्हणून गोधडी शिवायची तर मी मलमल विकत आणू का? नवरात्राच्या आधी सगळ्या गोधड्या धुवायला काढतो आम्ही. सुतीची ओली वाकळ दोघींना पिळवत नाही, माझी कंबर त्यातच गेली. वर सासूबाईंच्या साड्या, आत सासऱ्यांची धोतरं आणि जुन्या चादरी. वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले तर काही घसरत नाही.

वाकळवाली, सातारा:
आत धोतर असेल तर चालेल एक वेळ. पण लहान मुलाच्या अंगावर सिंथेटिक घालू नका, यावर मी हटणार नाही.

माणदेशी:
लहान मुलाचं कोण म्हणालं? न वाचताच उत्तर देताय. गरिबाची साडी वितळते म्हणून त्याने पांघरूच नये का?

वाकळवाली, सातारा:
मी गरिबी काढलीच नव्हती. माझी आई बिडी वळायची, मला नका शिकवू.

हल्याळकर:
भांडण मूळ गोष्टीवर आणतो. पुरुष आहे, पण घरी हेच पाहत वाढलो. आमच्या बाजूला, म्हणजे कर्नाटकात हल्याळकडे, मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, ती त्यांची गोधडी. त्या बायका तुकडे आधी जोडून वरचा पाट तयार करतच नाहीत. अस्तर पसरायचं, कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकडा लावायचा आणि सगळे थर धरून तिथेच टाके घालत पुढे जायचं. कडेकडेने फिरत मध्यावर आलं की झालं. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेली कापडाची फुलं लावतात, ती नसतील तर कवंदी उघडी समजतात. "वरचं झालं, आतलं राहिलं" असं तिथे होतच नाही. तुम्हा शहरातल्या लोकांची अर्धवटं वाढतात ती नुसते चौकोन जोडत सुटल्याने. जोडणं सोपं, मजेचं. थर लावून मांडीवर ओझं घ्यायची वेळ आली की नवे चौकोन सुरू.

सुईदोरा:
हल्याळकर, हे मात्र लागलं. पाचांतल्या तीन माझ्या अशाच आहेत. जिचे थर लावले ती आधी उरकायची, एवढं मान्य. पण सुट्टे चौकोन पिशवीत असले तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि एकटाकीताईंनी आळशी हा शब्द मागे घ्यावा. सकाळी पाचला उठते मी.

एकटाकी:
आळशी मागे घेते. बाकीचं नाही. कच्चे टाके घातलेली गोधडी पावसाळाभर घडी करून ठेवायची नाही म्हणजे नाही. ठेवायचीच तर गुंडाळी करून जुन्या चादरीत बांधा, आणि सुई काढून ठेवा.

माणदेशी:
ताई, त्या ट्रंकेतल्या लुगड्यांचं काय केलंत पुढे?

एकटाकी:
आहेत. उंदराचा कोपरा आणि घड्या सोडल्या तर मधलं कापड धड आहे. पण आईने घातलेले टाके उसवायचे आणि कात्री लावायची, हे होत नाही माझ्याच्याने. आठ वर्षं झाली.

वाकळवाली, सातारा:
कात्री कशाला? सुती लुगडं सूत धरून हाताने सरळ फाटतं. आईचे टाके धड असतील तिथे राहू द्या. विरलेला भाग तेवढा फाडून काढा, तिथे ठिगळ धरा आणि टाके पुढे न्या.

माणदेशी:
आणि ठिगळाला सुतीच घ्या. हे वाकळवालींचं मी ऐकलं म्हणून समजा.

एकटाकी:
रविवारी काढून उन्हात घालते. दोरा किती नंबरचा घेऊ? आईचा जरा जाड आहे.