मदत हवी आहे: डोंबिवलीहून आईबाबांना घेऊन एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं (स्वतःची गाडी नाही, पायऱ्या नकोत)

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीला राहतो. आई ७१ वर्षांची, बाबा ७७. दोघंही तसे हिंडते-फिरते आहेत, पण हल्ली घर, भाजीबाजार आणि दवाखाना यापलीकडे त्यांचं जाणंच होत नाही. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार हातात असतो. दिवाळीनंतर ते ऊन तापायला लागेपर्यंत महिन्यातून एकदा तरी त्यांना बाहेर न्यायचं ठरवलंय. सकाळी निघायचं, रात्री जेवायला घरी. मुक्काम नको, बाबांना परक्या ठिकाणी झोप लागत नाही.

अडचणी आधीच मोकळेपणाने सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर ती हळूहळू अर्धा तास चालते, मध्ये टेकायला मिळालं तर आणखीही चालते. पायऱ्या मात्र नाहीत. त्यातही चढण्यापेक्षा उतरणं तिला जड जातं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिवाय तिला गाडी लागते. घाट आला की पोटात ढवळायला लागतं, म्हणून 'टॅक्सी करा आणि लोणावळ्याला जा' हा सल्ला आमच्या कामाचा नाही. रेल्वेत तिला काही होत नाही. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, तास-दीड तासाने स्वच्छतागृह लागतंच आणि लोकलमध्ये ती सोय नसते. संकोचापोटी ते बाहेर पडलं की पाणीच पीत नाहीत, मग दुपारी त्यांना गरगरायला लागतं.

नेटवर शोधलं तर माहिती एकतर ट्रेकवाल्यांची मिळते, नाहीतर स्वतःची गाडी असणाऱ्यांची. धबधबा किती उंच आहे ते सगळे लिहितात. पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला सावलीत जागा आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप तर नसतं ना, हे कुणीच लिहीत नाही. आणि माझं सगळं त्याच्यावरच अडलंय.

सुरुवात म्हणून अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन आलो. जवळचं, स्टेशनवरून रिक्षाने पटकन पोचता येणारं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० असा काळ आहे, शिलाहारांच्या राजवटीतला. बाबा चष्मा कपाळावर ढकलून बाहेरच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून एकेक मूर्ती बघत होते. उन्हाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गाभारा मात्र सभामंडपाच्या बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आई खाली गेली नाही. मंडपातल्या गारव्यात खांबाला पाठ टेकून बसली आणि तिथूनच तिने हात जोडले. मला वाटलं ती हिरमुसली असेल. पण घरी आल्यावर मावशीला फोन करून किती तरी वेळ देवळाचं वर्णन चाललं होतं! म्हणून हा धागा काढायचा हुरूप आला.

आता डोक्यात काय काय आहे ते सांगते.

वसईचा किल्ला पहिल्या क्रमांकावर आहे. बाबांना इतिहासाची फार आवड. १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम ते कितीही वेळा सांगू शकतात आणि १८०२ च्या वसईच्या तहाबद्दल अजूनही त्यांना हळहळ वाटते. पण किल्ला त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. भुईकोट असल्यामुळे चढ नाही, एवढं कळलं. दादरला गाडी बदलून जाण्यापेक्षा कोपरहून दिवा-वसई गाडी पकडावी असं मनात आहे. पण कोपरला त्या गाडीचा फलाट वरच्या अंगाला आहे. तिथे लिफ्ट किंवा सरकता जिना चालू असतो का? वसई स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत बस बरी की रिक्षा? आत आईला किती चालावं लागेल?

दुसरं अलिबाग. आईला समुद्र बघायचाय, आणि 'चौपाटीसारखा गर्दीचा नको' असं तिने बजावलंय. गेटवेहून लाँच, की भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो? लाँचमध्ये चढता-उतरताना गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात का? कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणतात, ते आम्हाला झेपेल का?

तिसरं माथेरान, ते फक्त मिनी ट्रेनसाठी. लग्नानंतर दोघं तिथे गेले होते. नेरळहून दस्तुरीपर्यंत टॅक्सी म्हणजे पुन्हा घाट, म्हणून गेलो तर नेरळपासूनच मिनी ट्रेनने. तिकीट मिळण्याची खात्री कितपत असते?

घारापुरी मी स्वतःच वगळली, शंभरावर पायऱ्या आहेत. डोलीत बसायला आई तयार नाही. 'माणसांच्या खांद्यावर मी बसणार नाही' म्हणाली आणि मला ते पटलं. कार्ल्याचंही तेच.

यापलीकडे काही सुचत असेल तर अवश्य सांगा. ज्यांनी स्वतःच्या घरातल्या वयस्कर माणसांना नेलंय त्यांचे अनुभव मला जास्त हवे आहेत.

*

शेवटची कर्जत:

ताई, जागेच्या आधी वाराचं बघा. रविवारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशी वेळापत्रक बघितल्याशिवाय रविवारी म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघू नका. शनिवारच धरा. आणि एखादी रजा टाकता आली तर कामाच्या दिवशी कर्जत-कसाऱ्याकडे जा. सगळी गर्दी सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी कल्याणकडे असते. तुम्ही दोन्ही वेळा उलट दिशेने जाणार, खिडकी सहज मिळते.

माथेरानबद्दल: मिनी ट्रेनला डबे थोडे आणि मागणी भरपूर. नेरळला लवकर जाऊन खिडकीवर उभं राहावं लागतं, शनिवार-रविवारी तर नक्कीच. म्हणजे रांगेत तुम्ही थांबा, त्यांना बाकावर बसवा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, तेव्हा फक्त वरची अमन लॉज ते माथेरान शटल चालते. तो पुन्हा सुरू झाल्याची खात्री करूनच बेत आखा. वळणं खूप आहेत, पण गाडी इतकी सावकाश चालते की माझ्या आईला, जिला एसटीत हमखास उलटी होते, काहीच झालं नाही. वर पोचल्यावर मात्र सगळे पॉइंट बघायचा हट्ट धरू नका. रस्ते लाल मातीचे, दगडधोंड्यांचे आहेत. बाजारपेठेत फिरा, जेवा, झाडाखाली बसा. १९०७ सालची ही रेल्वे, खरी गंमत तिच्यातच आहे.

*

पाचूबंदर:

मी वसईचाच. किल्ला तुमच्या आईंना नक्की जमेल. किल्ल्याच्या आतून गाडीरस्ता जातो, रिक्षा थेट आत येते. स्टेशनच्या पश्चिमेला महापालिकेची बस मिळते, पण तुमच्यासाठी रिक्षाच बरी. रिक्षा जाता-येता ठरवा आणि तिला थांबायला सांगा, म्हणजे आईंना एका अवशेषापासून दुसऱ्यापर्यंत चालायला नको. चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापाशी सुरुवात करा. मग नागेश्वराचं देऊळ, मग चर्चचे अवशेष. बाबांना गोन्सालो गार्सियांबद्दल सांगा. वसईत जन्मलेले, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा खालूनच बघा.

दोन गोष्टी सांभाळा. किल्ल्यात स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका. आत शिरण्याआधी वसई गावातल्या एखाद्या हॉटेलात चहाला थांबा, तिथे बाबांची सोय होईल. आणि सकाळी अकराच्या आत बघणं उरका, भिंतींना छप्पर नाही, दुपारी दगड भाजून निघतात.

परत जाताना वसईच्या बाजारातून सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि सोपटात बांधून विकतात. मधासारखा रंग, चिकट, चावायला मऊ. दात नसलेल्यांनाही खाता येतात. महाग वाटतील, पण मेहनत फार असते.

कोपरच्या लिफ्टचं मला माहीत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर दिव्याला जाऊन बसलो असतो. गाडी तिथून सुटते, तिघांना एकत्र जागा मिळेल. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, परतीची वेळ आधी ठरवा आणि मग जायची.

बाबांना आणखी हवं असेल तर नालासोपाऱ्याचा स्तूप बघा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, त्यातला अस्थिकरंडक एशियाटिक सोसायटीत आहे. सपाट जागा, मोकळं आवार. पण किल्ला आणि स्तूप एकाच दिवशी नको.

*

भांगाची भरती:

अलिबागला रो-रोनेच जा. लाँच पाण्याबरोबर खालीवर होत असते, कधी एका लाँचमधून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. गुडघ्यांना तो धक्का फार. रो-रोत गाड्या चढतात तशा उतारावरून माणसंही चालत आत जातात. भायखळ्याला उतरून टॅक्सीने भाऊचा धक्का गाठा, पलीकडे मांडव्याला रिक्षा मिळतात.

कुलाबा किल्ल्याचा मोह सोडा, सांगते का ते. आमच्याकडे हिशेब असा: तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उलट, बाराला भरती. म्हणजे दुपारी किल्ल्यात जायचं तर अष्टमीच्या आसपास जावं लागणार, आणि अष्टमीची ओहोटी भांगाची, पाणी पुरतं हटत नाही. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी मोठी, पण ती पहाटे नाहीतर संध्याकाळी येते. एका दिवसाच्या सहलीत ते बसत नाही. ओल्या वाळूत आणि खडकांवर तुमच्या आईंचा पाय घसरला तर काय घ्या! किनाऱ्यावरून किल्ला छान दिसतो, तिथेच बसा.

जमिनीवरून यायचं झालं तर पनवेलहून एसटी आहे. ७५ च्या वर वय असल्यामुळे बाबांना तिकीट नाही, आईंना अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. कार्लेखिंडीत थोडी वळणं आहेत, आईंना पुढच्या सीटवर बसवा.

*

सुरूचं बन:

केळव्याचा विचार करा. विरार-डहाणू लोकलने केळवे रोडला उतरायचं, बाहेर टमटम मिळते. शितलादेवीचं देऊळ, शेजारी कुंड, आणि किनाऱ्याला लागूनच सुरूची झाडं. आमच्या सासूबाई घडीची खुर्ची घेऊन सावलीत बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. डहाणूच्या लोकल कमी आहेत, एक चुकली तर बराच वेळ थांबावं लागतं. पनवेल-डहाणू मेमूची वेळ जुळली तर विरारला गाडी बदलायचा त्रासही वाचेल.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. चहाच्या निमित्ताने बाबांची सोय करायची ही युक्ती मला सुचलीच नव्हती, त्यांना संकोचही वाटणार नाही. घडीची खुर्ची आजच मागवली.

आता असं ठरवलंय: येत्या चौथ्या शनिवारी वसई, सकाळच्या गाडीने, रिक्षा थांबवून, फक्त किल्ला आणि बाजार. त्यानंतर केळवे. माथेरानसाठी मी कामाच्या दिवशी एक रजा टाकते, गर्दीच्या उलट दिशेने जायचं पटलं. अलिबाग जानेवारीत, रो-रोने, आणि किल्ला लांबूनच. बाबांना तिथीचा हिशेब वाचून दाखवला, ते लगेच कालनिर्णय घेऊन बसले.

एक प्रश्न अजून उरतोच. वसईहून संध्याकाळी परतताना दिवा-वसई गाडी चुकली तर दादरमार्गे यावं लागेल, आणि त्या वेळी दादरचा पूल आईला झेपणार नाही. पर्याय म्हणून वसईहून घोडबंदर रस्त्याने ठाण्यापर्यंत एसटीने आलेलं बरं की टॅक्सी? संध्याकाळी त्या रस्त्याला किती वेळ लागतो ते नेहमी जाणाऱ्या कुणीतरी सांगा. कोपरची लिफ्ट उद्या कामावरून येताना मी स्वतःच बघून येते आणि इथे लिहिते.